बिनट्रकचे रस्ते

फाटा आला की मामा सायकल आडवी टाकायचे आणि रस्त्याच्या मधोमध उकिडवे बसायचे. धुळीत उमटलेल्या चाकांच्या खुणा न्याहाळायचे, एखादीवर बोट टेकवायचे. मग उठून पँट झटकत म्हणायचे, "जोडचाक न्हाय. चला."

जोडचाक म्हणजे ट्रकचं मागचं दुहेरी चाक. ते ज्या रस्त्यावर उमटलं नाही तो आमचा रस्ता. दर रविवारी उजाडता उजाडता आम्ही सहा-सात जण सोलापुरातल्या सात रस्ता चौकात जमायचो. मी शाळेतली बाई, एक दातांचे डॉक्टर, त्यांची बायको, बाकी बँकेतली आणि ऑफिसातली मंडळी. सगळ्यांच्या सायकली गिअरच्या, डोक्यावर हेल्मेट, कमरेला लागणारी न लागणारी हत्यारं. आणि आमच्या सगळ्यांच्या पुढे काळ्या दांड्याच्या सायकलवर मामा.

मामा, म्हणजे सगळ्यांचेच मामा, पॉवरलूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. त्यांची शेड माझ्या घरामागच्याच बोळात. घरी तेलुगू बोलायचे, आमच्याशी अस्सल सोलापुरी. एकदा हायवेवर एक ट्रक मला इतका घासून गेला की मी तिथूनच सायकल हातात धरून चालत घरी आले. बोळाच्या तोंडाशी मामा चहा पीत उभे होते. माझा अवतार बघून म्हणाले, "हायवेवर कशाला मरायला जाताय, बाई? बिनट्रकचे रस्ते काय कमी हायत का?"

पुढच्या रविवारी ते आम्हाला होटगीच्या अंगानं घेऊन गेले. दोन्हीकडे ज्वारी, मधे बाभळी, आणि दीड तासात भेटली ती शेळ्या घेऊन निघालेली एक म्हातारी. सोलापुरात जन्म काढून मला हे माहीत नव्हतं, याची लाजच वाटली.

मामांची रस्त्याची परीक्षा साधी होती. बाभळीच्या पाल्यावर धूळ चढलेली असली तर तो रस्ता वाहता. रस्त्यातलं शेण चेपलेलं नसलं तर निवांत. आणि रस्त्याच्या मधोमध कुत्रं झोपलेलं दिसलं तर मग विचारायलाच नको. डॉक्टर हे सगळं मोबाइलमध्ये टिपून घ्यायचे, जसं काही परीक्षेला येणार आहे.

मामा विक्षिप्त मात्र होते. पुढे चालताना मागून काही विचारलं तर उत्तर म्हणून देत नसत. मी धुळीसाठी तोंडाला स्कार्फ बांधला की करवादायचे, "काढा की ते, जीव घुसमटतो." घुसमटतो माझा, त्रास यांना! बोलताना तोंडाकडे टक लावून बघायचे. डॉक्टर म्हणायचे, "मामांचा दातांचा धंदा काढायचा विचार दिसतोय." आम्ही हसायचो. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याच्या सगळ्या खोडी आपण गंमत म्हणून सोडून देतो.

मग थंडी आली. एका रविवारी डॉक्टरांनी मफलरच्या आडून विचारलं, "मामा, पुढच्या गावात चहा मिळेल का?"

मामा म्हणाले, "पंप हाय की माझ्याकडं."

सगळे खो खो हसले. मीही हसले, आणि हसता हसता मला माझा स्कार्फ आठवला. मी सायकल दामटून मामांच्या मागे गेले. आधी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "मामा, थांबा." मग मोठ्यानं. मग वर्गात ओरडते तशी ओरडले. ज्वारीत बसलेले पोपट भर्रकन उडाले. मामा पायडल मारत राहिले.

त्या संध्याकाळी मी त्यांना बोळात गाठलं. समोर उभी राहिले आणि आवाज अजिबात न काढता फक्त ओठ हलवले, "मामा, तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

मामांनी घाईनं इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोला की, बाई," ते म्हणाले. "लोक ऐकतील."

मग सांगितलं त्यांनी. मागांच्या खडखडाटात सगळा जन्म गेला, कान कधी गेले ते कळलंच नाही. शेडमध्ये कुणीच आवाजानं बोलत नाही, एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात, त्यामुळे तिथं काही अडत नाही. सायकलवर मात्र माणूस पाठमोरा असतो.

"पण तुम्ही पुढे असता, मामा. आम्ही सगळे तुमच्या भरवशावर."

"रस्ता मी डोळ्यानं बघतो. तुमी एवढे कानवाले, तुमाला एक तरी घावला का?" आणि मग एकदम आवाज खाली आला. "बाई, कुर्डुवाडी तेवढी हू द्या. सोलापूर ते कुर्डुवाडी, हायवेला चाक न लावता. समदं जुळवलंय मी. ती झाली की मीच सांगतो सगळ्यांना. मग मला पुढं ऱ्हायाचं न्हाय."

आठवडाभर मागांचा मालक शेठ ज्याला बोटाच्या इशाऱ्यानं बोलावतो, त्याच्या मागे रविवारी डॉक्टर निमूट चालत असतात. ते मामांच्या पाठीवर दिसायचं मला, ती ताठ असायची. ती मी कशी वाकवणार? मी बरं म्हटलं. चूक करतेय हे तेव्हाही कळत होतं. माझ्यामुळे सहा जण एका बहिऱ्या माणसाच्या मागे जाणार होते आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

कुर्डुवाडीच्या दिवशी मी मामांच्या मागच्या चाकाला चिकटून होते. दोघांच्या वाटचं एकटीनं ऐकायचं म्हणजे किती ऐकायचं! मोटरपंप सुरू झाला तरी दचकायचे. दूर कुठे मोटारसायकल वाजली की हात ब्रेकवर. वळण आलं की मी पुढे घुसायचे, मामा चिडायचे. "पुढं पळू नका, बाई. खुणा मोडत्यात." डॉक्टरांच्या बायकोनं विचारलं, "आज तुमचं काय बिनसलंय?" मी पित्त झालंय म्हणून सांगितलं.

रस्ता मात्र काय रस्ता होता! हायवे एकदाच आला, तोही पुलावरून गेला आणि आम्ही खालून. नंतर कालव्याच्या कडेनं, मग दोन शेतांमधल्या पाणंदीतून, मग देवळामागून. मामा मागे वळून आमचे चेहरे बघायचे आणि खूश व्हायचे.

माढ्याच्या बाजूला आलो तसा दोन्हीकडे ऊस लागला, डोक्याच्या वर. मामा गुरुवारी कामाला खाडा करून इथपर्यंत येऊन रस्ता बघून गेले होते, तेव्हा सगळं सामसूम होतं. पण गुरुवार ते रविवार यांच्या मधे तिथं ऊसतोडीची टोळी उतरली होती. रस्ताभर पाचट सांडलेलं. बँकेतल्या एकाचं चाक बसलं म्हणून बाकीचे मागे राहिले. मामा आणि मी फाट्यापर्यंत आलो.

मामांनी सायकल आडवी टाकली आणि रस्त्याच्या मधोमध उकिडवे बसले. त्यांना खुणा दिसल्या होत्या. ट्रॅक्टरच्या, ताज्या. त्यांनी बोट लावलं आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "सकाळी गेलाय. आता परत येत न्हाय."

मी पाणी प्यायला बाटली काढली आणि मला गाणं ऐकू आलं. ट्रॅक्टरवर लावतात ना, कर्णकर्कश, तसलं. उसाच्या आडून, वळणापलीकडून, आणि जवळ येत. मी ओरडले. मग लक्षात आलं की ओरडून काय होणार, आणि तरी ओरडतच राहिले. सायकल टाकून पळाले. वळणावर ट्रॅक्टरचं तोंड दिसलं, मागे उसानं लादलेल्या दोन ट्रॉल्या, असला ट्रॅक्टर मनात आणलं तरी जागेवर थांबत नाही. मी हातातली पाण्याची बाटली फेकली. ती मामांच्या पाठीत बसली.

मामा गर्रकन वळले. आणि ट्रॅक्टरकडे नाही, माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडाकडे. मी काय म्हणतेय ते वाचायला! तो एक क्षण मी विसरत नाही. मी किंचाळत होते आणि ते कपाळाला आठ्या घालून एक एक अक्षर लावत होते.

"मागे!" मी म्हटलं.

त्यांनी अंग कडेच्या चारीत, पाण्याच्या पाटात, झोकून दिलं. ट्रॅक्टर त्यांच्या सायकलवरून गेला आणि बराच पुढे जाऊन थांबला. गाणं बंद झालं. मामा चिखलातून वर आले, कोपर सोलपटलेलं, बाकी धड. तोवर आमची मागची मंडळीही धावत पोचली.

ड्रायव्हर उडी मारून आला. "किती हॉर्न मारला मी! बहिरा हायस का रं, म्हाताऱ्या?"

डॉक्टर त्याच्या अंगावर जाणार तेवढ्यात मामांनी हात वर केला. ड्रायव्हरच्या तोंडाकडे ते नीट बघत होते.

"व्हय," मामा म्हणाले. "बहिरा हाय मी. लई दिवस झालं."

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ते वळले आणि मामांचं कोपर पुसायला लागले.

मोडकी सायकल उसावर टाकून मामा त्याच ट्रॅक्टरनं गेले. आम्हाला पुढचे फाटे माहीत नव्हते. विचारत विचारत मोठ्या रस्त्याला लागलो आणि ट्रकांच्या बाजूनं, जीव मुठीत धरून कुर्डुवाडी गाठली.

त्यानंतर मामा आमच्याबरोबर कधी आले नाहीत. रविवारचीही पाळी मागून घेतली. पुढे ती शेड बंद पडली आणि ते लेकीकडे तेलंगणात निघून गेले. पण त्याआधी, डॉक्टरांचा राग उतरल्यावर, आमचं ठरलं होतं की मामांना मधे चालवायचं, पुढे आणि मागे ऐकू येणारा एकेक माणूस ठेवायचा आणि फाटा आला की त्यांनाच विचारायचं. निरोप द्यायला मी गेले. घरी सापडेनात म्हणून थेट शेडमध्ये.

इतकी वर्षं शेजारी राहून मी आत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. त्या खडखडाटात माझा आवाज मलाच येईना. मामांनी लांबूनच ओळखलं, हात पुसत पुढे आले आणि खूण केली, ओरडू नका, नुसतं बोला. मी ओठ हलवले. मधे चाला, पुढे-मागे आम्ही आहोत, माझं चुकलं, याल ना? त्यांना सगळं कळलं, पहिल्याच खेपेला.

मग ते बोलायला लागले. खूप बोलले. मधेच कोपराकडे बोट दाखवलं, मधेच हसले. एकदा डोळे भरून आले. पलीकडच्या मागावरच्या बाईला तिथून सगळं कळत असावं, तिनं पदरानं नाक पुसलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होते आणि मला एक अक्षर कळत नव्हतं.

बोलून झाल्यावर ते थांबले. कळलं ना, अशा अर्थानं त्यांनी भुवया उंचावल्या.

मी हो म्हणून मान हलवली. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते मागाकडे परत गेले.