उपाशी गळा

समुद्रापलीकडच्या अणुभट्टीवर हल्ला होणार, अशी अफवा आखाती देशातल्या आमच्या मंगफ शहरात पसरली होती. मला सहावा महिना लागलेला. किरणोत्सर्गापासून गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला वाचवणाऱ्या आयोडीनच्या गोळ्या औषधाच्या दुकानात संपल्या होत्या, म्हणून निदान पाणी तरी भरून ठेवावं, या विचारानं मी जवळच्या सुपरमार्केटात गेले.

तिथे पन्नाशीच्या एका युरोपियन बाईनं माझ्या ट्रॉलीतलं गुलाबी मिठाचं पाकीट उचललं, चष्मा वर करून वाचलं.

"यात आयोडीन नाही. रोज हेच खाता?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"हो. तब्येतीला चांगलं म्हणतात."

तिनं गळ्याचा रुमाल सैल केला. ऑपरेशनचा आडवा, पांढुरका व्रण दिसला. लहानपणी तिच्या गावाजवळची अणुभट्टी फुटली होती, असं तिनं सांगितलं.

"आमच्या जेवणात आयोडीन कमी होतं," ती शांतपणे म्हणाली. "उपाशी गळ्यानं दुधातून आलेलं किरणोत्सर्गी, विषारी आयोडीन ओढून घेतलं. माझ्याही आणि बहिणीच्याही."

बहिणीबद्दल विचारायचा मला धीर झाला नाही.

तिनं आयोडीनयुक्त मीठ ट्रॉलीत ठेवलं. "हे गोळीचं काम करणार नाही. पण बाळाला रोज लागतं. डॉक्टरांना विचारा."

मग परवानगी घेऊन तिनं माझ्या पोटावर हात ठेवला. बाळानं लाथ मारली, तशी ती लहान मुलीसारखी हसली.

अफवा पुढे विरली. माझी भीती मात्र त्या हसण्यानंच ओसरली होती.