पिंपळापुऱ्यांचा रिपोर्ट

सकाळचा भोंगा थांबला की दिगंबर पिंपळापुरे आपल्या माणसांना गोल उभं करायचे. भोपाळच्या आमच्या कारखान्यात ते चाचणी विभागाचे फोरमन होते. आदल्या दिवशी कुणाचा हात भाजता भाजता वाचला, कुणाचा पाय शिडीवरून सटकला, ते ज्याचं त्याने त्या गोलात स्वतःच्या नावानिशी सांगायचं; याला ते 'रिपोर्ट' म्हणत. ऐकणाऱ्यांनी हसायचं नाही, रागवायचं नाही. हा नियम कागदावर सगळीकडेच असतो, पण तो रोज पाळणारा माणूस मी एवढाच पाहिला. कुणी गप्प राहिलं तर ते म्हणायचे, "सांग ना बाबू. आज तू जे लपवशीन, ते उद्या दुसऱ्याच्या अंगावर जाईन." नागपूर सोडून त्यांना तीस वर्षं झाली होती, जीभ मात्र तिथेच राहिली होती.

मी डिझाइनमध्ये इंजिनिअर, आणि टाउनशिपमधल्या मराठी मंडळाचा सचिव. सचिवाला सगळ्या घरांतलं सगळं ठाऊक असतं, असा माझा समज होता. पिंपळापुरे समोरच्याच क्वार्टरमध्ये राहायचे. रोज साडेपाचला ते गॅलरीत खुर्ची टाकून बसत, हातात चहाचा कप, कपावर बशी झाकलेली. चहा निवू नये म्हणून बशी, असं मी धरून चाललो होतो. मी इकडून हात केला की तेही हात वर करत. मंडळाने शाळकरी मुलांसाठी व्यसनमुक्तीवर निबंधस्पर्धा ठेवली, तेव्हा परीक्षक म्हणून त्यांचं नाव मीच सुचवलं. त्यांनी खूप आढेवेढे घेतले, पण मी ऐकतो कुठला. शेवटी सगळे निबंध त्यांनी एकही नंबर न काढता परत पाठवले. आमची पंचाईत झाली आणि मला त्यांचा चांगलाच राग आला.

त्यानंतर काही महिन्यांनी गॅलरीतली खुर्ची रिकामी दिसू लागली. मग एका संध्याकाळी आनंद नगरहून भाजी घेऊन येताना मी मैदानाच्या कडेला स्कूटर थांबवली. उलट्या टोप्या आणि ढगळ कपडे घातलेली दहा-बारा पोरंपोरी गोल करून उभी होती. एक जण तोंडानेच ताल धरत होता, आणि मधोमध आमचे पिंपळापुरे, इस्त्रीच्या पँटमध्ये, हात हलवत काहीतरी भराभर बोलत होते. मी थक्क झालो. गांजा असणार, याबद्दल मला शंकाच उरली नाही. निवृत्तीला वर्ष उरलं असताना या माणसाला ही अवदसा आठवावी! मी तडक त्यांच्या घरी गेलो, शैलावहिनींना सगळं सांगितलं, वर थोडा उपदेशही केला.

वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. "भाऊजी, एक्केचाळीस दिवस झाले त्यांना सोडून," त्या म्हणाल्या. "तिथे जातात म्हणून पीत नाहीत." काय पीत नाहीत, ते मला कळेना. त्यांनी गॅलरीकडे बोट केलं. बारा वर्षं त्या कपात दारू होती, आणि बशी वास लपवायला होती. रोज मी ज्या कपाला हात करत होतो, त्याने हा माणूस संपत आला होता. दारूच्याही आधीपासून त्यांना जगावंसंच वाटत नसे, कारण विचाराल तर ते त्यांनाही सांगता येत नसे. आता डॉक्टरांची औषधं चालू होती. यकृत पार खराब झालंय, पुन्हा प्यायलात तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण साडेपाच वाजले की हात कापायला लागायचे.

त्यांची मुलगी केतकी एम. पी. नगरला क्लासला जायची आणि सतत हिप-हॉप ऐकायची. अशाच एका साडेपाचला तिने आपला इयरफोन बाबांच्या कानात घातला. गाणारा मुलगा सांगत होता की नशेत तो आईच्या अंगावर धावून गेला, मग महिनाभर त्याला अंथरुणातून उठवेना, आणि शेवटी मित्राला फोन करून त्याने 'मला दवाखान्यात ने' म्हटलं. पिंपळापुऱ्यांनी ते गाणं तीनदा लावायला सांगितलं. "हे पोट्टं तर रिपोर्ट देऊन राहिलं," ते म्हणाले. नशेचा तोरा मिरवणारी गाणी त्यात कमी नसतात. तसलं काही लागलं की ते इयरफोन काढून टाकायचे: "हा खोटा रिपोर्ट आहे." मग केतकीच त्यांना मैदानावरच्या पोरांच्या गोलात घेऊन गेली; तिथे ज्याने त्याने स्वतःचंच खरं तालावर म्हणायचं असे.

वहिनींकडून हे सगळं ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी मी मैदानावर जाऊन उभा राहिलो. त्यांची पाळी आली आणि त्यांनी आपल्या खरखरीत आवाजात सुरुवात केली.

"सुबह सबको सिखाया, कैसे बचती है जान,
शाम को अपने ही घर में बना रहा अनजान.
कप चाय का, दारू अंदर, बेटी देखती रही,
नाम दिगंबर, विभाग टेस्टिंग, ये रिपोर्ट है सही."

केतकी समोरच उभी होती. मला तिच्याकडे बघवेना. परतताना मी चिडून विचारलं, घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर मांडायची का? ते म्हणाले, "बारा वर्षं घरातच ठेवली होती ना. काऊन, बरी झाली का?"

पुढे एका लग्नात ते घसरले, पुन्हा प्यायले. नशिबाने निभावलं. दुसऱ्या दिवशी साडेपाचला मैदानावर जाऊन सगळ्यांत आधी त्यांनी तेच सांगितलं. कुणी काही शिकवलं नाही. एकीने पाण्याची बाटली पुढे केली, आणि तलफ ओसरेपर्यंत सगळी पोरं त्यांच्याबरोबर चालत राहिली.

यकृताने मात्र दाद दिली नाही. दारू सोडल्याला चौदा महिने झाले आणि ते गेले. शोकसभेचं भाषण मी लिहिलं. सगळं ठाऊक असून सवयीने 'आजन्म निर्व्यसनी' असे शब्द पडले. वहिनींनी कागद वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "हे खोडा, भाऊजी. बारा वर्षं पीत होते, आणि शेवटच्या चौदा महिन्यांत एकदाच प्यायले, असं वाचा. एवढं एक काम त्यांनी जीव लावून केलं, तेच तुम्ही पुसून टाकताय."

मी तसंच वाचलं.

सभागृहाबाहेर स्कूटर काढताना माझी बायको सुनंदा म्हणाली, "थांबा. मला चार वर्षं झोपेच्या गोळीशिवाय झोप नाही. आधी एक पुरायची, आता तीन लागतात. हल्ली दिवसाही घेते. कशातच जीव लागत नाही." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. समोरच्या घराची बातमी घेऊन मी तडक धावलो होतो, आणि ही बातमी माझ्याच घरात होती. मी स्कूटर परत स्टँडवर लावली, मंडळाच्या पायरीवर तिच्या शेजारी बसलो आणि बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तिच्या बोलण्याच्या मध्ये बोललो नाही.