सीट बेल्ट लावणारा चोर

त्या नाक्यावरची सकाळ अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरी मी मुदतीआधीच सोडली. या प्रकरणाबद्दल घरीही कधी नीट बोललो नाही. आता लिहितो.

मी तेव्हा दिल्लीत निरीक्षक होतो. आमच्या हद्दीतून चोरीला गेलेल्या गाड्या गाझियाबादकडच्या कुठल्याशा गोदामात सुट्या व्हायच्या आणि त्यांचे भाग करोल बागेत विकायला यायचे. चोराचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. एक दिवस तिथल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत वावरणारा आमचा खबऱ्या ठाण्यात आला.

"साब, शकल नहीं देखी. पर दुकानों में सुना है, गाडी में बैठते ही बेल्ट बांधता है."

ठाण्यात हशा पिकला. बेल्टची सक्ती व्हायच्या आधीचे ते दिवस. लोक बेल्ट अंगाखाली दाबून बसत. मला मात्र खूण पक्की वाटली. गाझियाबादच्या रस्त्यावर आमच्याच हद्दीत नाकाबंदी लावली. कडेला वाळूची पोती रचली, ड्रम मांडून मधे एक फट ठेवली आणि तिथे एका शिपायाला उभं केलं. साताऱ्याकडच्या फौजीचा मुलगा, छावणीत वाढलेला. आम्ही दोघं मराठीत बोलायचो.

"सर, ड्रमच्या मागून हात केला तर?" त्याने विचारलं.

"अरे, जो स्वतःच्या जिवाला इतका जपतो, तो तुझ्या अंगावर गाडी घालेल? काही होत नाही, उभा राहा."

"बिल्कुल, सर. पण घातलीच, तर माझ्या सासऱ्यांना तुम्हीच समजवा हां!" तो हसला. त्याचं लग्न ठरलं होतं.

बऱ्याच गाड्या गेल्या. मग एक पांढरी गाडी आली, चालकाच्या छातीवर काळा पट्टा. शिपायाने हात केला. गाडीचा वेग वाढला. त्याला उडवून ती ड्रमवर आदळली आणि थांबली. चालकाला खरचटलंही नव्हतं.

चौकशीत त्याने गोदाम आणि दुकानं लगेच सांगून टाकली. पाण्याचा ग्लास मात्र परत केला. "उबला हुआ है ना, साब?" तो उघड्यावरचे गोलगप्पे खायचा नाही, हेल्मेटशिवाय स्कूटरवर बसायचा नाही. मला नवल वाटलं. एवढा भित्रा माणूस भरदिवसा गाड्या कशा उचलतो?

"पकडे गए तो वकील है, जमानत है. मर गए तो जमानत कौन देगा?"

"मग नाक्यावर थांबला का नाहीस?" मी हिंदीत विचारलं.

त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "बेल्ट लगा था, साब. मुझे क्या होता?"

स्वतःला जपणारा माणूस दुसऱ्यालाही जपेल, हा हिशेब माझा होता. बेल्टमुळे तो जास्तच निर्धास्त झाला होता.

शिपाई वाचला. गुडघा मात्र कायमचा गेला. लग्न पुढे ढकललं, पण झालं. पत्रिका द्यायला तो स्वतः कुबडीवर ठाण्यात आला. "सर, यायचं हां. सासरे मानले!" मी गेलो नाही.

अहवालात मी लिहिलं, चालक बेदरकार होता. ते खोटं नव्हतं. पण तेव्हापासून कुणी 'काही होत नाही' म्हणालं, की बोलणारा कुठे उभा आहे ते मी आधी पाहतो.

त्या सकाळी मी वाळूच्या पोत्यांमागे होतो.