बुर्गीने आखलेला आठवडा

नोटबुर्गाला गावात सगळे बुर्गी म्हणतात. तिच्या पायाला भिंगरी बांधूनच देवाने तिला ऑस्ट्रियातल्या या तिरोलच्या दरीत सोडलं, असं तिचा नवरा कासियान म्हणायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी तो गेला. तेव्हापासून नऊ खोल्यांचं गेस्टहाऊस ती एकटी ओढते आहे, आणि भिंगरीचा वेग जास्तच वाढला आहे.

पाहुण्यांची स्कीची सुट्टी आखून देण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. पाहुणे यायच्या आधी फोनवरच ती सगळं काढून घेते. कोणाला किती येतं, कोणाचे गुडघे दुखतात, कोणतं पोर थंडीला रडतं. मग पट्टीच्या माणसाला वरच्या, सगळ्यात अवघड अशा काळ्या उतारावर, मध्यमाला जंगलातल्या वाटेने, नवख्याला खाली लहान मुलांमध्ये आणि आजीबाईंना घोडागाडीतून बर्फ बघायला, असं ती धाडून देते. दुपारी मात्र एका घरातली सगळी माणसं एकाच टेबलावर सूप पिताना सापडतात. ती नुसती पाहुण्यांची आखणी असती तर ठीक होतं. पण या फेब्रुवारीत तिची लेक यायची होती.

व्हेरोनिका, म्हणजे व्रोनी, लग्न करून हॅम्बुर्गला गेली. तिचा नवरा हेनिंग जहाजांवर विजेचं काम करतो. त्याच्या मुलखात पुलाच्या चढाला डोंगर म्हणतात. सासुरवाडीला तो यायचा तो उन्हाळ्यात, लोणी-भाकरी खाऊन कुरणात पालथा पडायला. आणि आता व्रोनी फोनवर म्हणाली होती, "आई, आम्ही तिकडेच येऊन राहायचं म्हणतोय. गेस्टहाऊस आम्ही चालवू. पण हेनिंगला एकदा तिथला हिवाळा बघू दे."

त्या दिवसापासून बुर्गीची झोप उडाली. जावई रमला तर लेक आणि चार वर्षांची नात लेना घरी येणार, नाही रमला तर नऊ खोल्या आणि ती एकटी. तिने आठवडा आखला, मोडला, पुन्हा आखला. चादरी बदलताना, चुलीत लाकूड सारताना तिच्या डोक्यात एकच: सोमवारी याला कुठे न्यावं, मंगळवारी काय दाखवावं.

आणि एवढा विचार करूनही बाईने माती खाल्लीच.

आमच्याकडे रविवारी सकाळी नवे पाहुणे उताराच्या पायथ्याशी जमतात. एकेकाने थोडं घसरत खाली यायचं, स्कीशाळेच्या मास्तरने काठी उचलून त्याचा गट दाखवायचा. ज्याला काहीच येत नाही तो पहिल्या गटात, चिल्ल्यापिल्ल्यांबरोबर. परक्यांना त्याचं काही वाटत नाही. पण या गावात मूल धड बोलायला लागायच्या आधी स्कीवर उभं राहतं. घरचा जावई, तोही सहा फुटी, पोरांच्या रांगेत उभा, ही गोष्ट खाणावळीत वर्षभर चघळली जाणार हे बुर्गीला ठाऊक होतं.

म्हणून शनिवारी ती भाच्याकडे गेली. रोमेड तिच्या भावाचा मुलगा, स्कीशाळेत मास्तर.

"हेनिंगला दुसऱ्या गटात घाल."

"आत्या, त्याला येतं का काही?"

"अंगात ताकद आहे रे. रोज सायकल चालवतो."

"सायकलला ब्रेक असतो, आत्या."

"घाल म्हटलं ना."

रोमेड लहानपणी तिच्या स्वयंपाकघरात जेवून वाढलेला. त्याने मान डोलावली. आत्याला नाही म्हणणं त्याला कधी जमलेलं नाही.

दुसरा गट पहिल्याच सकाळी तारेला टांगलेल्या खुर्च्यांच्या पाळण्यातून वर जातो. बुर्गी हातात चादरी घेऊन जिन्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून जिन्यापर्यंत येरझाऱ्या घालत राहिली. दुपार कलली तेव्हा उताराच्या कडेने एक माणूस चालत येताना दिसला. स्की खांद्यावर, जड बूट गुडघ्यापर्यंत बर्फात. त्याच्या डोक्यावरून पाळणा अखंड फिरत होता, आणि त्यात अर्धं गाव बसलेलं होतं.

हेनिंग बुटांच्या खोलीत आला तो कमरेपर्यंत भिजलेला.

"पडलात का हो?" बुर्गीने विचारलं.

"पडलो. उठलो. परत पडलो. मग म्हटलं, देवाने पाय दिलेत, चालावं." तो हसत होता. मग बाकावर बसून बुटाचे चाप काढता काढता म्हणाला, "सासूबाई, मी रोमेडला सांगितलं होतं, मला काही येत नाही, मला पोरांत ठेव. तो म्हणाला, आत्याचा हुकूम आहे. का बरं?"

बुर्गी उगाच ओले हातमोजे झटकू लागली. "चारचौघांत तुमचा अपमान नको म्हणून."

"माझा कसला अपमान? येत नाही म्हणून तर शिकायला आलो." त्याने एक बूट ओढून काढला. "लाज तुम्हाला वाटली. माझी."

आवाज चढलेला नव्हता, म्हणून तिला ते जास्त लागलं. दारात व्रोनी उभी होती. ती म्हणाली, "आई, याच गोष्टीला कंटाळून मी गेले होते. इथे कुणाला काही येत नाही असं असूच शकत नाही. अशा ठिकाणी मी त्याला कशी आणू, तूच सांग."

बुर्गी फावडं घेऊन अंगणात गेली. सकाळी तिने स्वतःच साफ केलेल्या फरशीवर ती फावडं ओढत राहिली. जावयाची तिला लाज वाटली होती हे खरंच होतं, आणि त्या लाजेपायी लेक-नातीचं घरी येणं तिने हातचं घालवलं होतं. आयुष्यात इतकी भीती तिला क्वचितच वाटली असेल.

सोमवारी लेना आणि हेनिंग यांना ती स्वतः पहिल्या गटात घेऊन गेली आणि तिथेच उभी राहिली. उभं राहणं तिच्या रक्तात नाही. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत होती.

"थांबायचं कसं ते तरी सांगा," हेनिंग म्हणाला.

आपण थांबायला कसे शिकलो हे तिला आठवेनाच. "थांबायचं म्हणजे... थांबायचं," ती म्हणाली. शेवटी आदल्या दिवशी पोरांत शिकून आलेल्या लेनानेच बापाला दाखवलं. "बाबा, पायांचा पिझ्झा कर. पुढे टोक, मागे रुंद."

तेवढ्यात वरून पाळण्यातून खाणावळवाला वेंडेलिन ओरडला, "काय गं बुर्गी, तुझा पाहुणा बालवाडीत कसा?"

तो कोण आहे हे वेंडेलिनला चांगलं माहीत होतं. हसून वेळ मारून नेता आली असती. बुर्गीने दोन्ही हात तोंडाशी धरले. "पाहुणा नाही तो, जावई आहे माझा. त्याला काही येत नाही, म्हणून पहिल्या गटात आहे. तुला काही अडचण?"

पुढच्या चार-पाच खुर्च्यांतली माणसं वळून बघू लागली. हेनिंगही वळला, आणि वळता वळता आडवा झाला. लेना आनंदाने त्याच्या पोटावर जाऊन बसली. पोरांना चढावर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या टोकाशी व्रोनी उभी होती. तिने हे सगळं ऐकलं.

पुढचे दोन दिवस ती त्याविषयी बोलली नाही, आणि बुर्गी आतल्या आत कढत राहिली. गुरुवारी भांडी पुसताना व्रोनी म्हणाली, "खालच्या गावातून सकाळचे पाव कोण आणतं गं?"

"मीच. आणखी कोण?"

"गाडीची किल्ली दे. उद्यापासून मी आणत जाईन. या सुट्टीत, आणि इथे राहायला आल्यावरही."

बुर्गीने किल्ली दिली. मग ओला हात तिने एप्रनला पुसला.

शुक्रवारी पहाटे सवयीने ती उठली, जिना उतरली, एक बूट चढवला. बाहेर गाडी सुरू झाली आणि वळणावरून खाली गेली. दुसरा बूट हातातच राहिला. ज्यासाठी देवाला साकडं घातलं होतं ते पदरात पडलं होतं, आणि तिला रडू कोसळलं. कासियान गेल्यापासून ती एकही सकाळ रिकामी राहू देत नव्हती, कारण रिकाम्या सकाळी तो नाही हे कळायचं.

हेनिंग वरून उतरला आणि तिला बघून पायरीवरच थबकला.

"मी आता सकाळी उठून करायचं काय हो?" ती म्हणाली.

"ते मला काय माहीत, सासूबाई," तो म्हणाला. "मला तर तुमचं कॉफीचं यंत्रसुद्धा चालवता येत नाही. दाखवता का?"

ती एका पायात बूट तसाच घालून स्वयंपाकघरात गेली आणि त्याला दाखवू लागली. पाणी कुठे घालायचं, कोणतं बटण अडकतं, कोणत्या आवाजाला घाबरायचं नाही. दाखवताना ती रडतच होती, आणि तिने ते जावयापासून लपवलं नाही.