पूजेनंतर फिरलेली बॅकसाइट

एक तपास काही केल्या डोक्यातून जात नाही. त्याला गुन्हा नंबर नाही, पंचनामा नाही. चौतीस वर्षं नोकरी केली, शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार होऊन सुटलो, त्यातली अकरा वर्षं शस्त्रागारात गेली. पण हा तपास रिटायर झाल्यावरचा, इथे अमेरिकेत, अल्फारेटातला. नावं सांगणार नाही.

बायको गेली आणि मुलीने मला इकडे आणलं. मी सातवी शिकलेला. इंग्रजी येत नाही, गाडी येत नाही. दिवसभर घरात फ्रिज घरघरतो तेवढाच आवाज. अशात दोन रस्ते पलीकडचे एक रिटायर डॉक्टर भेटले. मूळचे नागपूरचे, इथे चाळीस वर्षं काढलेले. आसपास घरफोडी झाली म्हणून त्यांनी पिस्तूल घेतलं होतं, पँटच्या खिशात मावेल एवढं. अशा पिस्तुलाची फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि तीही काळ्यावर काळी. सत्तरीच्या डोळ्याला काय कप्पाळ दिसणार? मी म्हटलं, आधी ही बदला. त्यांनी दुकानातून पुढे हिरवा चमकता ठिपका बसवून आणला आणि मागे रुंद खाचेची बॅकसाइट, बाजूच्या बारीक स्क्रूने डावी-उजवी सरकणारी. मग चांदमारी सुरू झाली. ते रेंजवर उभे, मी मागून सांगायचो, ठिपका खाचेच्या मधोमध धरा, घाई करू नका. दोन महिन्यांत त्यांच्या गोळ्या बशीएवढ्या जागेत यायला लागल्या. दर शनिवारी सकाळी मला घ्यायला यायचे, परतायला संध्याकाळ व्हायची.

खरं लिहितो, मी त्या माणसावर जळायचो. जेवायच्या वेळेला वहिनींचा फोन यायचा, कधी येताय म्हणून. डॉक्टर नाव बघून फोन कापायचे. मला वाटायचं, तो फोन हिसकावून घ्यावा आणि सांगावं, निघालोच.

दसऱ्याला त्यांनी पिस्तूल रिकामं करून देवापुढे मांडलं. शेजारी स्टेथोस्कोप, जावयाचा लॅपटॉप. ओल्या कुंकवाची बोटं ओढली ती पार बॅकसाइटवरून. आम्ही शस्त्रागारात कुंकू दस्त्याला लावायचो, साइटला कधी नाही. बोललो तसं. डॉक्टर म्हणाले, असू द्या हो जमादार, देवालाही नेम दिसू दे. पूजेचं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नसतं, म्हणून ते तिथेच राहिलं. मी प्रसाद घेऊन सगळ्यांच्या आधी निघालो. डॉक्टर दारापर्यंत सोडायला आले.

पुढच्या शनिवारी गोळ्या वीतभर डावीकडे. एक मॅगझिन संपलं, दुसरं संपलं, तेच. डॉक्टरांनी सामान आवरलं. परत येताना रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "जमादार, पूजेला घरात सहाजण होतो. तो स्क्रू कशाचा हे कळणारे तुम्ही एकटे."

जन्मभर मी दुसऱ्यांना संशयित म्हणून बाकावर बसवलं, त्या दिवशी मी बसलो. शिवाय मी जळतो हे त्यांना कळत असणारच. या देशात मला हाक मारणारा एवढा एकच माणूस, आणि तो चालला होता.

मी म्हटलं, तुमच्या घरी चला. तिथे पिस्तूल पुन्हा रिकामं करून घेतलं, जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि भिंग मागितलं. बॅकसाइटवर कुंकू वाळून घट्ट बसलेलं. स्क्रूच्या डोक्यातली खाच तेवढी कोरून साफ झालेली, कडेला लाल भुकटी. ओलं असताना फिरवला असता तर कुंकू पसरलं असतं. डॉक्टरांना भिंगातून दाखवलं. मी निघालो तेव्हा ते ओलं होतं, हे त्यांनाही आठवलं. मान खाली घालून सॉरी म्हणाले. आणि लगेच फोन उचलला, जावयाला विचारतो म्हणून.

मी म्हटलं थांबा, आधी साइट नीट करू, बारीक स्क्रूड्रायव्हर द्या. वहिनींनी चष्म्याच्या डबीतून काढून माझ्या हातात दिला. त्याचं टोक लाल होतं.

मुद्देमाल आरोपीने स्वतः आणून दिला. वहिनी हलल्या नाहीत. सराईत माणूस असा उभा राहत नाही. ज्याला आपण पकडले जावं असं वाटतं, तोच राहतो. मी टोक पँटला पुसलं आणि म्हणालो, "दुकानवाल्याने स्क्रू ढिला ठेवला असेल, डॉक्टर."

"खोटं कशाला बोलता, भाऊजी? मी फिरवला."

"तू? तुला काय कळतं त्यातलं?" डॉक्टर म्हणाले.

"रोज तेच तर ऐकवता. ठिपका, खाच, स्क्रू. दुसरं बोलता काय माझ्याशी?" मग माझ्याकडे बोट केलं. "नेम चुकला की कंटाळाल वाटलं. शनिवारी दोघं बाहेर पडायचो, आठवड्यातला तेवढा एक दिवस माझा होता, तो यांनी नेला."

डॉक्टरांनी फोन टेबलावर ठेवला. मी वहिनींना स्पष्ट सांगितलं, हे हत्यार आहे, वेळ आली असती तर गोळी भलत्याला लागली असती. त्यांनी मान हलवली. साइट जागेवर आणली आणि डॉक्टरांना म्हटलं, शनिवारी आता मला जमणार नाही.

मत्सराचे गुन्हे पुष्कळ बघितले. ज्याच्याकडे नाही तो जळतो, एवढंच मला माहीत होतं. भरल्या घरातली बाई माझ्यासारख्या रिकाम्या म्हाताऱ्यावर जळते, हे त्या टेबलाशी शिकलो. आता शनिवारी दोघं मिळून बाहेर पडतात. त्यांची गाडी आमच्या खिडकीसमोरून जाते आणि मी जळतो, लपवत नाही.

पण आताशा वेगळंच डोक्यात येतं. माझी बायको नोकरीभर ताट झाकून बसली. ती त्या पोलीस स्टेशनवर किती जळली असेल? ती बोलली नाही, मी विचारलं नाही. आता तिचा जबाब कुठून आणू?