चार दिवस चढलेली रेघ

पडदा टांगणं हे आमचं दोघांचं शेवटचं साधं काम. मी स्टुलावर, खाली स्टूल धरून माझी बायको शांता. "डावीकडं घ्या. इतकं नव्हं. डावं कळतं का तुम्हाला?" पडदा वाकडाच बसला. मग आम्ही चहा प्यालो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बसल्या जागी गेली.

पंधरा दिवसांनी मी लॅबला गेलो. तारनाक्याकडं एका संशोधन संस्थेत मी अटेंडंट. रिटायर होऊन परत कंत्राटावर. शाळा चौथीपर्यंत, पण काचेची नळी माझ्यासारखी कुणी धूत नाही.

आमच्याकडं एक पांढरी पूड बनते. दिसायला मैदा, पण आतून नुसती भोकं. त्यात वास अडकतो. ही पूड लावलेल्या चिपवर माणसानं फुंकायचं. शुगर फार बिघडलेल्या माणसाच्या श्वासात ॲसिटोन जास्त असतं, नेलपॉलिश काढायला लागतं तेच. पूड ते धरते आणि स्क्रीनवर रेघ चढते. सुई नाही, रक्त नाही.

निरोगी माणसाची रेघ आडवी राहायला हवी. लॅबचा निरोगी माणूस म्हणजे मी. बोट टोचून बघितलं, शुगर ठीक. पण मी फुंकलं की रेघ पतंगासारखी वर. चार दिवस हेच.

फुंकायच्या आधी पूड बनवणाऱ्या सुजाता मॅडम मला विचारून फॉर्म भरायच्या. "अंकल, खाना खाए ना?"

"हौ मॅडम."

चौथ्या दिवशी मोठे सर आले. ते नांदेडचे, माझ्याशी मराठीत बोलतात. "शुगर नॉर्मल आणि रेघ वर, म्हणजे पूड खोटी. उद्या खाली आली नाही तर हे मटेरियल बंद."

मॅडम आठ महिने त्या पुडीमागं होत्या. त्या चष्मा काढून पुसत बसल्या.

मी विचारलं, "सर, आणखी कुणाची रेघ चढते?"

"उपाशी माणसाची. पोटात काही नसलं की शरीर चरबी जाळतं, त्यातूनही ॲसिटोन होतं. पण तुम्ही तर जेवता."

मला हसू फुटलं. आवरेना. शांता गेल्यापासून पहिलंच. "सर, पूड खरी हाय. खोटा मी. तेराव्याचे पाहुणे गेल्यापासनं नुसत्या चहावर हाय."

"फिर हौ कैकू बोले अंकल?" मॅडम उभ्याच राहिल्या.

"'नै' म्हणलो असतो तर सगळे डबे उघडून माझ्या तोंडाकडं बघत बसले असते. मला ते नको होतं."

मॅडम हळूच म्हणाल्या, "चार दिन से मशीन कू मालूम, हमकू नै मालूम." आणि त्याही हसायला लागल्या. फिरत्या खुर्चीत बसून त्यांनी दोन गिरक्या घेतल्या. सरांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

"नाचू नका," सर म्हणाले. "आज जेवा. उद्या फुंका. मग बघू."

डबे उघडलेच. पुळिहोरा म्हणजे चिंचेचा भात, दहीभात, कुणाची तरी अंडाकरी. मी सगळं हाणलं. माझ्या तोंडाकडं कुणी बघितलं नाही. सगळे जुन्या रेघा काढून भांडत होते.

या धंद्यात एक कळलं. पूड शिकलेली नसते, पण भिडस्तही नसते. फॉर्मला उत्तर देणारा भिडस्त असला की वाट लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पीठ मळलं, आयुष्यात पहिल्यांदा. दोन भाकरी केल्या. एक तव्याला चिकटली, ती उलथन्यानं खरवडून खाल्ली. लॅबला जाऊन फॉर्म मॅडमच्या हातातून घेतला आणि स्वतः लिहिला: रात्री वरणभात, सकाळी भाकरी दीड, करपलेली. मग फुंकलं.

रेघ आडवीच राहिली.