माझ्या नाकाचा खोडलेला आकडा

शालू, ये, अशी जवळ येऊन बैस. पत्राजवळ कसं बसायचं म्हणशील, तर मोठ्यानं वाचत जा, म्हणजे आत्या बोलून राह्यली असंच वाटेल. आधी चार शब्द ऐकून घे. सहा महिने चिठ्ठी नाही, फोन नाही, आणि आता एकदम कळवतेस काय, तर तुझ्या बाबांच्या पेटीत जुनी वही सापडली, आणि तुझा लेक ती वाचून गावभर सांगत फिरतो की आमचे आजोबा विद्वान होते, वंशांचं शास्त्र लिहून गेले. काऊन वो पोरी, आधी मले विचारता आलं नसतं? त्या वहीत मी आहे. त्या वहीपायीच मी गाव सोडलं.

सोडलं त्या सकाळी तुझे बाबा, म्हणजे माझा भाऊ, स्वतः बैलांचं खासर हाकत होता. मागं अर्धं पोतं तांदूळ बांधलेला. चामोर्शीला मोटारीपर्यंत एवढंच बोलला, "चंफे, मामाकडं काई कमी पडलं तं कळव." मी सोळा वर्षांची. त्याच्या हातांकडं पाहत होते. याच हातांनी मला नाल्यात पोहायला शिकवलं होतं.

तेव्हा आपल्याकडं धानाची रोपं लावायला, रोवण्याला, एटापल्लीकडच्या जंगलातून माणसं यायची. सोमीमायचं कुटुंब दर आषाढात आपल्याच छपरीत उतरायचं. येताना मोहफुलांचं गाठोडं, जाताना धान. माझ्या जन्माच्या वेळी आईला दूध नव्हतं. सोमीमायच्या मांडीवर एकीकडं तिची पोरगी, एकीकडं मी. आई मरेपर्यंत सांगायची, "कोनाचं दूध प्यालीस थे इसरू नोको."

मग एका उन्हाळ्यात शहरातून एक पाहुणा आला. पांढरे कपडे, गोड बोलणं, हातात कंपासपेटीतला कर्कटक. पारावर बसून सांगायचा, या देशात दोन वंशांचं रक्त आहे, एक राज्य करणारं, एक जंगलात राहिलेलं. दोघांची लढाई होणारच. ज्याला आधी कळलं तो वाचला. जंगलातले एक दिवस खाली उतरतील आणि तुमची शेतं, तुमच्या बांध्या घेतील. भाऊ मॅट्रिक झालेला, तलाठ्याची नोकरी हुकलेली. तू जन्मानंच मोठा आहेस, हे त्याला पहिल्यांदाच कोणी सांगितलं. पाहुण्यानं त्याला वही दिली. लोकांची नाकं मोज, लांब-सरळ पहिल्या रकान्यात, रुंद-बसकी दुसऱ्यात.

गाव हसून बेजार. म्हातारा कोतवाल म्हणे, "भाऊ, सर्दीत मोजशीन तं दोनी रकान्यात बसीन मी."

मीही हट्ट धरला, "मायं बी मोज ना!" त्यानं मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा टोक लागून नाकपुडीतून रक्त आलं. मला अक्षर येत नव्हतं, पण पायल्या मोजून आकडे येत होते. माझा आकडा दुसऱ्या रकान्यात गेला होता, सोमीमायसारख्या जंगलातल्या माणसांच्या. भावानं माझ्याकडं पाहिलं नाही. रबरानं तो खोडला, पहिल्या रकान्यात वेगळाच लिहिला आणि म्हणाला, "जाय, पानी भर."

शालू, त्याला कळलं होतं गं. वही खोटी आहे हे त्या घडीला त्याला माझ्याइतकंच कळलं होतं. त्यानं वही टाकली नाही, आकडा बदलला.

आषाढात सोमीमाय आली, सोबत तिची माणसं, भर दुपारी, भर पावसात. भाऊ आणि चार पोरं लाठ्या घेऊन अंगणात उभी. भाऊ ओरडला, "चंफे, आतून अडसर घाल!" आमचे वडील म्हणाले, "शिकेल पोरगा हाय, त्याले समजते." मी अडसर घातला. याच हातानं. बाहेरून सोमीमायचा आवाज आला, "काऊन वो चंफा, बिमार हायेस का?" तिला वाटलं, मी आजारी म्हणून दार लावलं. मी अडसर धरूनच उभी राहिले.

हाकलल्यावर ते परत नाल्यात उतरले. नाला येतानापेक्षा चढला होता. बाकीचे पार झाले. सोमीमाय दोन दिवसांनी खालच्या गावाला सापडली, मोहफुलांचं गाठोडं कमरेला तसंच बांधलेलं.

चौकशी आली तेव्हा भाऊ म्हणाला, "आमच्याकडं कोणी आलंच नाई." मला विचारलं. मीही तेच म्हणाले. त्या साली रोवायला हात नव्हते, आपला पऱ्हा, धानाची सगळी रोपं, जागच्या जागी पिवळा पडला. घरात तोंड उघडलं की मी दाराचंच बोलायची. म्हणून मला नागपूरला मामाकडं धाडलं.

इथं बाळंतिणींच्या दवाखान्यात आया झाले. ड्यूटी, क्वार्टर, पगारी रजा, सगळं अंगवळणी पडलं. अक्षरं वॉर्डातल्या पाट्यांवरून शिकले. ताज्या लेकराचं नाक सगळ्यांचंच बसकं असतं, बाई. एकीला दूध नसलं तर शेजारच्या खाटेवरचीला विनवायचं, आणि कोण कुठली ते विचारेपर्यंत लेकरू तोंड लावून मोकळं. माझ्या खोलीला मी कधी अडसर बसवू दिला नाही. दोनदा भांडी चोरीला गेली, तरी नाही.

म्हातारपणी भाऊ एकदा येऊन गेला. चहा पिता पिता म्हणाला, "नाल्यावर पूल झाला." मी म्हटलं, "आता काऊन?" डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, पण सोमीमायचं नाव काही तोंडून निघालं नाही.

लोक विचारतात, गावाकडं घर आहे ना? आहे, भाची राखून आहे, सांगते. पण मला ते अंगणातून आठवत नाही, छपरीतून आठवत नाही. बंद दाराच्या आतून आठवतं. तेवढंच घर माझ्याजवळ उरलं.

तर ऐक. माझ्या नावाचं पान लेकाला उजेडात धरायला सांग. भाऊ पेन्सिल दाबून लिहायचा, खोडल्याची खूण असेल. मग वही टपालानं धाडू नको, लेकालाच घेऊन ये. त्यानं माझं नाक पाहावं, हवं तर मोजावं. आणि मी सांगेन ते त्याच वहीत लिहावं, सोमीमाय कशी मेली, दार कोणी लावलं. रोवणा संपायच्या आत ये, पोरी. मी थकले आता. कडी वाजवायची गरज नाही, दार ढकललं की उघडतं.